सलालानंतरचे सात महिने : एका बंद रस्त्याचं प्रकरण

'दिलगिरी' आणि 'माफी' यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चौकटीत छापून येते ती दिलगिरी. समोर उभं राहून मागावी लागते ती माफी. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत २०११-१२ साली जगातली सगळ्यांत बलाढ्य लष्करी आघाडी, नाटो, अफगाणिस्तानच्या वाटेवर सात महिने अडकून पडली होती. कराची बंदरात कंटेनरांच्या थप्प्या लागल्या होत्या, तेलाचे टँकर आणि नक्षीदार ट्रक जागच्या जागी उभे होते, आणि वॉशिंग्टन-इस्लामाबादमध्ये एका शब्दावर घासाघीस चालली होती.

दहशतवादविरोधी लढाईत राष्ट्रं एकमेकांची साथ का धरतात आणि का सोडतात, यावर चर्चा पुष्कळ होते. मला त्यासाठी हे एकच प्रकरण पुरेसं वाटतं, कारण यात विचारसरणी, मैत्री, विश्वासघात असे मोठे शब्द बाजूला पडतात आणि उरतो तो नकाशा, रस्ता आणि ट्रकामागचा दर.

त्या रात्री काय झालं

२६ नोव्हेंबर २०११, मध्यरात्र उलटून गेलेली. अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात, सीमेला अगदी लागून, अमेरिकी आणि अफगाण सैनिकांची एक तुकडी मोहिमेवर होती. वरच्या कड्यावरून आपल्यावर गोळीबार झाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी हवाई मदत मागवली. हेलिकॉप्टरं आणि तोफांनी सज्ज विमान आलं आणि कड्यावरच्या ठिकाणांवर मारा झाला. ती ठिकाणं पाकिस्तानी लष्कराच्या चौक्या निघाल्या. जागा पाकिस्तानच्या सीमाभागातल्या मोहमंद एजन्सीतली सलाला. पाकिस्तानचे २४ सैनिक ठार झाले.

पाकिस्तानचं म्हणणं वेगळं होतं : आमच्या चौक्या कुठे आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि आम्ही कळवल्यानंतरही मारा थांबला नाही. अमेरिकेने चौकशी केली, डिसेंबरात अहवाल आला. त्यात दोन्ही बाजूंच्या चुका दाखवल्या होत्या. पाकिस्तानने तो फेटाळला.

या अहवालातली एक बारीक गोष्ट मला सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. मारा चालू असताना अमेरिकी संपर्क अधिकाऱ्याने पाकिस्तानी अधिकाऱ्याला घटनेची जागा कळवली, पण नेमकी नाही, ढोबळ. संगणकावरचा नकाशा नीट जुळवलेला नसल्यामुळे ती ढोबळ जागाही सुमारे १४ किलोमीटर चुकली. साहजिकच 'तिथे आमचे लोक नाहीत' असं उत्तर आलं. आता प्रश्न असा, की सहकारी सैन्याला नेमकी जागा का सांगितली नाही? कारण सांगितलेली माहिती भलत्यांच्या हाती जाईल ही भीती. आणि पाकिस्ताननेही या चौक्यांची माहिती अमेरिकेला रीतसर दिलेली नव्हती. दहा वर्षं खांद्याला खांदा लावून लढणारे दोन देश, आणि आपापले सैनिक कुठे उभे आहेत हे एकमेकांना सांगायला तयार नाहीत. २४ माणसं त्या न सांगण्यात गेली. नकाशाची चूक म्हणाल तर ती नंतरची.

काय बंद केलं, आणि काय चालू ठेवलं

पाकिस्तानने लगेच तोरखम आणि चमन हे दोन्ही नाके नाटोच्या मालासाठी बंद केले. तोरखम खैबर खिंडीतून जलालाबादकडे उघडतो, चमन क्वेट्ट्याच्या बाजूने कंदाहारकडे. अफगाणिस्तानला समुद्र नाही. कराचीला उतरलेला माल आत न्यायचा तर हेच दोन रस्ते. त्याचबरोबर बलुचिस्तानातला शम्सी हवाईतळ १५ दिवसांत रिकामा करण्याचं फर्मान निघालं, आणि ११ डिसेंबरला अमेरिकेने तो सोडलाही. (शम्सीची कथा एरवीही मजेदार आहे. ही धावपट्टी पाकिस्तानने १९९०च्या दशकात संयुक्त अरब अमिरातीला दिली होती, तिथल्या शाही मंडळींना पक्ष्यांच्या शिकारीला येता यावं म्हणून. तिथून पुढे अमेरिकेचे ड्रोन उडू लागले.) अफगाणिस्तानच्या भवितव्यावर बॉनला ५ डिसेंबरला परिषद भरली, तीवरही पाकिस्तानने बहिष्कार टाकला.

एवढा राग. पण आकाश मात्र बंद झालं नाही. पाकिस्तानच्या हद्दीवरून अफगाणिस्तानकडे जाणारी अमेरिकी लष्करी विमानं या सातही महिन्यांत उडत राहिली. आणि ड्रोनचे हल्ले? सुमारे दोन महिने थांबले, १० जानेवारीला पुन्हा सुरू झाले.

ट्रक रस्त्यावरून जातो, लोकांना दिसतो. विमान तीस हजार फुटांवरून जातं, ते कोण बघतो? पाकिस्तानी लष्कराने बंद केलं ते दिसणारं, आणि चालू ठेवलं ते न दिसणारं. याला मी ढोंग म्हणणार नाही. नातं तोडायचं नाही, पण घरच्या लोकांना ते तोडल्यासारखं दिसलं पाहिजे, अशी गरज होती. सहाच महिन्यांपूर्वी, २ मे २०११ला, अबोटाबादेत लष्करी अकादमीच्या जवळच अमेरिकी कमांडो हेलिकॉप्टरने उतरून ओसामा बिन लादेनला मारून गेले होते आणि पाकिस्तानी लष्कराला पत्ता लागला नव्हता. त्याच वर्षाच्या जानेवारीत लाहोरात सीआयएच्या एका कंत्राटदाराने दोघांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या आणि तो मार्चमध्ये सुटून मायदेशी गेला. तिसरा अपमान गिळणं पाकिस्तानचे लष्करप्रमुख जनरल कयानी यांना शक्य नव्हतं. बराकीतूनच प्रश्न विचारले जाऊ लागले असते.

रस्ता बंद करण्याची रंगीत तालीमही आधी झालेली होती. सप्टेंबर २०१०च्या अखेरीस नाटोच्या हेलिकॉप्टरच्या माऱ्यात कुर्रममध्ये पाकिस्तानचे सीमा सैनिक मारले गेले, तोरखम बंद झाला. अमेरिकेने आठवड्याभरात स्पष्ट माफी मागितली आणि दहा दिवसांत नाका उघडला. म्हणजे अडवलं की माफी मिळते, हा हिशेब पक्का झाला होता. २०११ला तो चुकला.

वॉशिंग्टनला काय माहीत होतं

आपल्याकडे हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : 'अमेरिकेला पाकिस्तानचं खरं रूप दिसत नाही का?' दिसत होतं. सलालाच्या दोन महिने आधी, २२ सप्टेंबर २०११ला, अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी अधिकारी अॅडमिरल माइक मलन यांनी सिनेटच्या समितीपुढे उघड सांगितलं होतं की अफगाण तालिबानशी जोडलेलं हक्कानी जाळं हे आयएसआय या पाकिस्तानी गुप्तचर संस्थेचाच एक हात असल्यासारखं वागतं. त्याच महिन्यात काबूलमधल्या अमेरिकी दूतावासावर हल्ला झाला होता आणि त्याचा ठपका त्यांनी हक्कानींवरच ठेवला होता. हे बोलणारा माणूस कयानींचा वॉशिंग्टनमधला सर्वांत जवळचा दुवा मानला जात होता.

म्हणजे माहितीचा तुटवडा नव्हता, रस्त्यांचा होता. अफगाणिस्तानात तेव्हा अमेरिकेचेच ९० हजारांच्या घरात सैनिक होते. त्यांना लागणारं इंधन, अन्न, बांधकामाचं सामान यांतलं बरंच कराचीहून यायचं. एकेकाळी तर बहुतांश. आपल्या सैनिकांवर हल्ले करणाऱ्यांना जो देश आसरा देतो, त्याच देशाच्या रस्त्याने त्या सैनिकांचं जेवण येतं. हे विचित्र वाटतं, पण नकाशा समोर ठेवला की दुसरं काही सुचतही नाही.

दुसऱ्या बाजूनेही लपवाछपवी नव्हती. १९ सप्टेंबर २००१ला जनरल मुशर्रफ यांनी दूरदर्शनवरून पाकिस्तानी जनतेला सांगितलं होतं की अमेरिकेला साथ का द्यायची : देशाची सुरक्षा, अर्थव्यवस्था, अण्वस्त्रं-क्षेपणास्त्रं आणि काश्मीरचा प्रश्न, या चार गोष्टी वाचवण्यासाठी. भारत ही संधी साधायला टपला आहे, हेही त्यांनी बोलून दाखवलं. त्या यादीत दहशतवादाचा नायनाट हे उद्दिष्ट नव्हतं. पुढची दहा वर्षं पाकिस्तान त्या यादीप्रमाणेच वागला. आपल्यावर उलटलेल्या तेहरिक-ए-तालिबानशी तो खरोखर लढला, त्यात हजारो सैनिक गमावले; आणि काबूलमध्ये उद्या उपयोगी पडतील अशा हक्कानींना त्याने हात लावला नाही. एकाच लष्कराने हे दोन्ही केलं, आणि दोन्हींमागचं कारण एकच होतं. अमेरिकेने मोबदल्यात २००२ नंतरच्या दशकात २० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली. २००४ला 'नाटोबाहेरचा प्रमुख सहकारी' हा दर्जाही दिला.

मित्र, सहकारी हे शब्द इथे वाचकाची दिशाभूल करतात. एक वाटसरू आहे आणि एक नाकेदार आहे, असं धरून वाचलं की सगळं सरळ लागतं.

उत्तरेचा फेरा

नाकेदार जाऊ देत नाही म्हटल्यावर वाटसरूने दुसरी वाट धरली. ती अमेरिकेने २००८-०९पासूनच बांधायला घेतली होती, आणि सलालाच्या वेळी पाकिस्तानवरचा भार म्हणूनच बराच कमी झालेला होता. कयानींचा हिशेब चुकला तो मुख्यतः इथे.

ही उत्तरेची वाट अशी : बाल्टिक समुद्रावर लाटव्हियाचं रिगा बंदर. तिथे माल रेल्वेत चढायचा, रशिया आणि कझाकस्तान ओलांडून उझबेकिस्तानात यायचा, तेर्मेझजवळ आमू दर्याचा पूल पार करून अफगाणिस्तानातल्या हैरतानला उतरायचा. हैरतान ते मझार-ए-शरीफ अशी ७५ किलोमीटरची नवी रेल्वे तेव्हा नुकतीच झाली होती. मग पुढे ट्रक, आणि काबूलच्या वाटेवर हिंदुकुशातला सालंगचा बोगदा. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, १९६४ला सोव्हिएत इंजिनिअरांनी बांधलेला, लांबी अडीच-पावणेतीन किलोमीटर. वारा नीट खेळत नाही, हिवाळ्यात बर्फ आणि हिमस्खलन. याच बोगद्याने १९७९ला सोव्हिएत फौजा आल्या आणि १९८९ला परत गेल्या. आता त्यातून अमेरिकी सैन्यासाठी मालाचे ट्रक रांगा लावून जात होते, जुन्या सोव्हिएत रुळांवरून आलेला माल घेऊन.

या वाटेचं भाडं डॉलरांत मोजून संपत नाही. उझबेकिस्तानचं पाहा. २००१ला राष्ट्राध्यक्ष करीमोव यांनी अमेरिकेला कार्शी-खानाबादचा तळ दिला. मे २००५मध्ये अंदिजानला त्यांच्या सैन्याने जमावावर गोळीबार केला, शेकडो लोक मेले. अमेरिकेने टीका केली, करीमोव यांनी तळ रिकामा करायला सांगितलं, आणि त्या नोव्हेंबरात अमेरिकी फौजा निघाल्या. मानवी हक्कांच्या कारणाने उझबेकिस्तानच्या लष्करी मदतीवर अमेरिकी काँग्रेसने घातलेले निर्बंध चालू होते. जानेवारी २०१२मध्ये, म्हणजे सलालानंतर दोनच महिन्यांत, परराष्ट्र खात्याने राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन ते शिथिल केले. अंदिजानमध्ये मेलेले लोक काही परत आले नव्हते, करीमोवही बदलले नव्हते. बदललं होतं तोरखमचं फाटक.

रशियाचंही तसंच. २००८ला जॉर्जियातल्या युद्धावरून नाटो आणि रशिया एकमेकांवर डोळे वटारत होते, आणि तरीही रशियाने रेल्वेची वाट दिली. अफगाणिस्तानातली अफू आणि जिहादी मध्य आशियामार्गे आपल्याकडे येऊ नयेत, यासाठी नाटो तिथे अडकून राहणं मॉस्कोला सोयीचं होतं. पण नाटोने तिथे कायमचं बस्तान बसवणंही नको होतं. किरगिझस्तानने अमेरिका वापरत असलेल्या मानस तळाचं भाडं २००९ला १.७४ कोटी डॉलरवरून ६ कोटींवर नेलं, त्यामागे हीच ओढाताण होती.

आणि एक वाट होती जिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. इराणच्या चाबहार बंदरातून. भारताने अफगाणिस्तानात झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधून जानेवारी २००९मध्ये सोपवला होता, तो थेट इराणच्या सीमेपासून निघतो. अंतराने सोयीची, पण अमेरिकेच्या दृष्टीने अशक्य वाट. खरं तर २००१ला तालिबानविरुद्ध इराण आणि अमेरिका एकाच बाजूला होते, बॉनच्या वाटाघाटींत इराणने मदतच केली होती. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००२मध्ये, बुश यांनी इराणला 'दुष्ट अक्षा'त बसवलं. तो शब्द नकाशावर एक भिंत होऊन बसला. हितसंबंधांचा हिशेब नेहमीच चोख होतो असं नाही, हे यातून दिसतं. काही दारं लोक रागाने बंद करतात आणि नंतर भुर्दंड भरतात.

भुर्दंड किती? संरक्षणमंत्री लिऑन पनेटा यांनी जून २०१२मध्ये सिनेटला सांगितलं : उत्तरेच्या वाटेमुळे दरमहा सुमारे १० कोटी डॉलर जास्तीचे जात आहेत.

पाच हजार डॉलर

एप्रिल २०१२मध्ये पाकिस्तानच्या संसदेने एकमताने शर्ती मंजूर केल्या. बिनशर्त माफी, ड्रोन हल्ले बंद, आणि शस्त्रास्त्रांची वाहतूक होणार नाही. संसदेकडे प्रकरण सोपवणं ही लष्कराची खेळी होती. पुढे माघार घ्यायची वेळ आली तर दोष वाटून घ्यायला कुणीतरी हवं. वाटाघाटींत दराचा विषय निघाला. आधी एका ट्रकमागे साधारण २५० डॉलर पडत. पाकिस्तानने ५,००० मागितले. ही लूट आहे, असं पनेटा जाहीरपणे म्हणाले.

माफीचं मात्र दोनदा जुळत आलं आणि फिसकटलं. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनची तयारी होत असतानाच १५ तारखेला काबूलवर एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ले झाले, पुन्हा हक्कानींवर बोट गेलं आणि विषय बारगळला. ओबामांना नोव्हेंबरात निवडणूक लढवायची होती. पाकिस्तानची माफी मागणारा राष्ट्राध्यक्ष हे विरोधकांच्या हातात आयतं कोलीत ठरलं असतं. मे महिन्यात शिकागोला नाटोची बैठक झाली. राष्ट्राध्यक्ष झरदारींना निमंत्रण होतं, पण ओबामांची रीतसर भेट मिळाली नाही, आणि भाषणात मध्य आशियाई देशांचे व रशियाचे आभार मानले गेले, पाकिस्तानचं नाव गाळलं गेलं. त्यानंतर लगोलग बिन लादेनचा माग काढायला मदत करणाऱ्या डॉक्टरला पाकिस्तानात ३३ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा सिनेटच्या समितीने मदतीतून ३.३ कोटी डॉलर कापले. वर्षाला दहा लाख असा सरळ गुणाकार. चिडलेल्या बाजारात दर ठरतात तसाच हा दर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पनेटा दिल्लीला आले, भारताने अफगाणिस्तानात आणखी पुढाकार घ्यावा असं म्हणाले, आणि तिथून काबूलला जाऊन 'आमचा संयम संपत आला आहे' असं सुनावलं. दिल्लीत यावर समाधानाचं वातावरण होतं. ते मला तेव्हाही थोडं भाबडं वाटलं. आपण त्या क्षणी इस्लामाबादला दाखवायचं पान होतो.

दोन्ही बाजू मग का वाकल्या? 'अडला हरी' म्हणायला जावं तर या गोष्टीत दोन हरी आहेत. पाकिस्तानचे एक अब्ज डॉलरहून अधिक 'सहकार्य निधी'चे पैसे अमेरिकेकडे थकले होते आणि तिजोरीत खडखडाट होता. ट्रकमालक कंटाळले होते. ४ जूनला नाटोने कझाकस्तान, किरगिझस्तान आणि उझबेकिस्तानशी परतीच्या वाहतुकीचे करार जाहीर केले. आपल्यावाचून भागतंय हे दिसू लागलं. सगळ्यांत मोठी धास्ती म्हणजे अफगाणिस्तानचा सौदा आपल्याला खोलीबाहेर ठेवून होईल ही. अमेरिकेलाही २०१४पर्यंत दहा वर्षांचा लष्करी पसारा बाहेर काढायचा होता. सालंगच्या बोगद्यातून तो काढणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवणं.

तो शब्द

३ जुलै २०१२ला हिलरी क्लिंटन यांनी पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्री हिना रब्बानी खार यांना फोन केला, आणि मग निवेदन निघालं. त्याचा आशय असा : ज्या चुकांमुळे पाकिस्तानी सैनिकांचे प्राण गेले त्या आम्ही दोघींनी मान्य केल्या, पाकिस्तानी लष्कराच्या हानीबद्दल आम्हाला खेद आहे.

वाक्याची रचना बघा. चुका कुणाच्या, ते नाही. 'आम्ही दोघींनी' त्या मान्य केल्या आहेत, म्हणजे माफी मागणाराही त्यात आणि जिला मागायची तीही. खेद आहे तो हानीबद्दल, कृत्याबद्दल नाही. इंग्रजीतल्या 'सॉरी'ला दोन्ही अर्थ आहेत, माफीचा आणि हळहळीचा, म्हणून तर तो निवडला. इस्लामाबादने त्याची माफी केली, वॉशिंग्टनने हळहळ. हा मसुदा घडवायला किती लोक किती दिवस बसले असतील याचा मी अनेकदा विचार करतो.

वाढीव दर पाकिस्तानने सोडून दिला. थकलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर सुटले. ५ जुलैला चमनहून पहिले ट्रक पलीकडे गेले. चारच दिवसांत हाफिज सईद आणि समीउल हक यांच्या 'दिफा-ए-पाकिस्तान' या कट्टरपंथी आघाडीचा मोर्चा लाहोरहून इस्लामाबादेत येऊन धडकला, घोषणा देऊन परत गेला. सईदवर अमेरिकेने एप्रिलमध्येच एक कोटी डॉलरचं इनाम लावलं होतं. तो राजधानीत व्यासपीठावर होता. ट्रक थांबले नाहीत.

खुद्द या ट्रकांच्या पैशाबद्दल एक गोष्ट राहिली. जून २०१०मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीने अफगाणिस्तानातल्या २ अब्ज डॉलरहून मोठ्या वाहतूक कंत्राटाची तपासणी केली. त्यात आढळलं की ट्रक सुखरूप जावेत म्हणून ठेकेदार स्थानिक सरदारांना संरक्षणाचे पैसे देतात, आणि त्यातला काही वाटा तालिबानकडे जात असावा. म्हणजे ज्यांच्याशी लढायचं त्यांनाही त्या लढाईच्या मालातून टोल मिळत होता. रस्ता बंद राहिला तेव्हा नुकसान त्यांचंही झालं असणार.

३१ जुलैला रावळपिंडीत लेखी करार झाला, २०१५च्या अखेरपर्यंतचा. इतकी वर्षं ही सगळी वाहतूक मुख्यतः तोंडी समजुतीवर चालली होती, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. ७ सप्टेंबरला, नाके उघडल्यावर दोन महिन्यांनी, अमेरिकेने हक्कानी जाळ्याला परदेशी दहशतवादी संघटना जाहीर केलं. मलन यांच्या साक्षीला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मधल्या काळात हक्कानींबद्दल नवं असं फारसं काही उघड झालं नव्हतं, रस्ता तेवढा मोकळा झाला होता.

आणि उत्तरेची वाट? २०१४ला रशियाने क्रिमिया घेतला, निर्बंध आले. मे २०१५मध्ये पंतप्रधान मेदवेदेव यांनी नाटोच्या मालाला दिलेली परवानगी रद्द केली. रावळपिंडीच्या कराराची मुदत संपायला तेव्हा सात महिने उरले होते.